कोर्सची फी भरली, पण ती रिटर्नमध्ये दाखवायची कुठे?

नोकरी सांभाळून कोर्स केला, दीड लाख रुपये फी गेली, आता ती कुठल्या कलमात बसवायची? पगारदार माणसाने हा प्रश्न विचारला तर बहुतेक वेळा खरं उत्तर एवढंच असतं: कशातच नाही. कोर्स कामाचाच आहे, साहेबांनीच करायला सांगितला होता, त्याच्या जोरावर बढतीही मिळाली, हे सगळं मान्य. तरीही नाही. आणि तोच कोर्स, तीच फी, एखाद्या फ्रीलान्सरला मात्र पूर्ण वजा मिळू शकते.

कारण पगाराच्या उत्पन्नातून काय काय वजा होतं ते आयकर कायद्याच्या कलम १६ मध्ये मोजून लिहिलंय. प्रमाणित वजावट, म्हणजे नव्या रेजीममध्ये (करपद्धतीत) ७५,००० आणि जुन्या रेजीममध्ये ५०,००० रुपये. जुन्या रेजीममध्ये व्यवसाय कर, जो आपल्याकडे वर्षाला जास्तीत जास्त २,५०० रुपये कापला जातो. सरकारी नोकरांचा करमणूक भत्ता. यादी संपली. ‘नोकरीसाठी केलेला खर्च’ असा मोघम रकाना पगाराच्या बाबतीत नाहीच. प्रमाणित वजावटीत तो आला असं सरकार धरून चालतं, मग तुमचा खर्च शून्य असो की तीन लाख.

इथे बरेच जण कलम ८०सी कडे (ठराविक बचती आणि खर्चांच्या वजावटीचं कलम) वळतात, कारण ‘ट्यूशन फी’ हे शब्द तिथे खरंच आहेत. पण ती तरतूद मुलांसाठी आहे. कुठल्याही दोन मुलांच्या, भारतातल्या शाळा-कॉलेज-विद्यापीठातल्या, पूर्णवेळ शिक्षणाची फी. स्वतःची नाही, बायकोची नाही, नवऱ्याची नाही. डोनेशन आणि डेव्हलपमेंट फी त्यात धरत नाहीत, आणि मर्यादा पीएफ, विमा, गृहकर्जाचं मुद्दल वगैरे सगळं मिळून दीड लाख. स्वतःच्या एक्झिक्युटिव्ह एमबीएची फी तिथे टाकणं ही नेहमी दिसणारी चूक आहे. एचआरच्या पोर्टलवर पावती अपलोड होते, कधीकधी कोणी न बघता मंजूरही करतं, म्हणून ती बरोबर ठरत नाही. उद्या नोटीस आली तर ती तुमच्या पॅनवर येणार, एचआरच्या नाही.

मग नोकरदाराने करायचं काय? वाटा दोनच, आणि दोन्ही फी भरण्याआधी पकडाव्या लागतात.

पहिली वाट: फी कंपनीला भरू द्या

आधी हिशेब बघा. तुम्ही ३० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये असाल तर सेस (करावरचा उपकर) धरून दर ३१.२ टक्के होतो. १,२०,००० रुपयांची फी स्वतःच्या खिशातून भरायची तर त्यासाठी सुमारे १,७४,४०० रुपये पगार कमवावा लागतो. तीच फी कंपनीने स्वतःचा प्रशिक्षण खर्च म्हणून भरली तर मधला ५४ हजारांचा कर उद्भवतच नाही. म्हणून पगारवाढीच्या वेळी ‘थोडे वाढवून द्या, मी कोर्स करतो’ म्हणण्यापेक्षा ‘कोर्स तुम्ही करवा’ म्हणणं शहाणपणाचं.

मात्र पैसे कंपनीने दिले एवढ्याने काम होत नाही. ते कसे दिले यावर सगळं ठरतं. कंपनीने तुम्हाला दरमहा ५,००० रुपये ‘लर्निंग अलाउन्स’ दिला, तर तो पगारच आहे, पूर्ण करपात्र. तुम्ही स्वतःच्या नावाने प्रवेश घेतला, फी देण्याची जबाबदारी तुमची होती आणि ती कंपनीने तुमच्या वतीने भागवली, तर कलम १७(२)(iv) लागू शकतं. कर्मचाऱ्याचं देणं मालकाने चुकतं केलं की ते परक्विझिट (पगारासारखाच करपात्र लाभ) होतं, आणि मार्चच्या पगारात अचानक मोठा टीडीएस दिसतो. बिनधोक रचना अशी: कंपनीचं लेखी प्रशिक्षण धोरण असावं, कोर्स तुमच्या सध्याच्या कामाशी जोडलेला असावा, त्याची मंजुरी कोर्स सुरू होण्याआधीच्या तारखेची असावी, बिल कंपनीच्या नावाने आणि कंपनीच्या जीएसटी क्रमांकावर असावं, पैसे थेट संस्थेला जावेत. जीएसटी क्रमांक बिलावर असला तर कंपनीला १८ टक्क्यांचं इनपुट क्रेडिटही (भरलेला जीएसटी स्वतःच्या देण्यातून वळता करण्याची सोय) मिळतं. फायनान्सवाल्यांना पटवताना हा मुद्दा हमखास चालतो.

आठवड्याभराच्या तांत्रिक प्रशिक्षणाबद्दल सहसा कोणी हरकत घेत नाही. दोन वर्षांच्या पदवीबद्दल घेतात, कारण पदवी तुमच्याबरोबर दुसऱ्या कंपनीत जाते. अशा वेळी कंपन्या ठराविक मुदत नोकरी न सोडण्याचा बाँड लिहून घेतात. मुदतीआधी नोकरी सोडली आणि कंपनीने फी वसूल केली, तर ती वसुली पगारातून वजा दाखवायला कलम १६ मध्ये जागा नाही, हे सही करण्याआधी लक्षात घ्या.

प्राध्यापक-संशोधकांसाठी एक वेगळी सोय आहे. शैक्षणिक आणि संशोधन संस्थांमध्ये अभ्यास, संशोधन, प्रशिक्षण यासाठी मिळणारा भत्ता प्रत्यक्ष खर्च झालेल्या रकमेइतका करमुक्त असतो, कलम १०(१४)(i) आणि नियम २बीबी खाली. पण फक्त जुन्या रेजीममध्ये. शिक्षणाचा खर्च भागवण्यासाठी मिळालेली शिष्यवृत्ती मात्र कलम १०(१६) खाली दोन्ही रेजीममध्ये करमुक्त राहते.

दुसरी वाट: ८०ई, आणि तिचं आठ वर्षांचं घड्याळ

स्वतःच्या शिक्षणासाठी नोकरदाराला मिळणारी एकमेव थेट वजावट ही. फीवर नाही, फीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजावर. रकमेला कमाल मर्यादा नाही. मुद्दलाचा एक रुपयाही चालत नाही. बारावी किंवा तिच्या समकक्ष परीक्षेनंतरचा कुठलाही अभ्यासक्रम चालतो आणि पूर्णवेळ असण्याची अट नाही, म्हणून नोकरी करत केलेला कोर्सही बसतो. कर्ज स्वतःच्या, जोडीदाराच्या, मुलांच्या किंवा ज्याचे तुम्ही कायदेशीर पालक आहात त्या विद्यार्थ्याच्या शिक्षणासाठी हवं. धाकट्या भावासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते कितीही प्रेमाने भरा, वजावट नाही.

कर्ज कोणाकडून घेतलं हेही महत्त्वाचं. बँक चालते. मान्यताप्राप्त धर्मादाय संस्था चालते. एनबीएफसी (बँक नसलेली वित्तसंस्था) तेव्हाच चालते जेव्हा केंद्र सरकारने तिला या कलमासाठी अधिसूचित केलेलं असतं. आणि नेमकं इथेच ऑनलाइन कोर्सवाले घोटाळा करून ठेवतात. फी भरायच्या पानावर ‘नो-कॉस्ट ईएमआय’ निवडलं की मागे कुठल्यातरी एनबीएफसीचं कर्ज मंजूर होतं. त्या करारात ते बऱ्याचदा साधं वैयक्तिक किंवा ग्राहक कर्ज असतं, व्याज सवलतीच्या आड लपवलेलं असतं, आणि मार्चमध्ये व्याजाचा दाखला मागितला की कस्टमर केअरला प्रश्नच कळत नाही. क्रेडिट कार्डावरचे हप्ते, मित्राकडून घेतलेले उसने, कंपनीकडून घेतलेला अॅडव्हान्स, यातलं काहीच ८०ई मध्ये येत नाही. सही करण्याआधी दोनच गोष्टी विचारा: मंजुरीपत्रावर ‘शैक्षणिक कर्ज’ असं लिहून येणार का, आणि ८०ई साठी व्याजाचा दाखला मिळणार का.

आता घड्याळ. ज्या वर्षी तुम्ही व्याज भरायला सुरुवात करता ते पहिलं वर्ष, आणि पुढची सात. एकूण आठ. व्याज त्याआधी फिटलं तर तिथे संपलं, राहिलं तरी आठव्या वर्षानंतर वजावट नाही. समजा जुलै २०२२ मध्ये कर्ज मिळालं, दोन वर्षांचा कोर्स, वर ६ महिने ते १ वर्ष मोरेटोरियम (हप्ते सुरू होण्याआधीची सवलतीची मुदत). बँकेने सुचवलं की चालू व्याज दरमहा भरत राहा, आणि तुम्ही भरलं. घड्याळ २०२२-२३ मध्येच सुरू झालं, शेवटचं वर्ष २०२९-३०. शिकत असताना उत्पन्नच नव्हतं, म्हणजे पहिली दोन-तीन वर्षं फुकट. त्याऐवजी हप्ता जुलै २०२५ ला सुरू झाला असता तर आठ वर्षं २०३२-३३ पर्यंत गेली असती.

म्हणून मोरेटोरियममध्ये व्याज भरूच नये का? इतकं सरळ नाही. न भरलेलं व्याज मुद्दलात मिसळतं, पुढचा हप्ता फुगतो, आणि काही बँका चालू व्याज भरणाऱ्याला दरात सवलत देतात ती जाते. शिवाय व्याज प्रत्यक्ष भरलं तरच वजा मिळतं. खात्यावर नुसतं चढलेलं चालत नाही. आमचं मत असं: फेड पाच-सहा वर्षांत होणार असेल तर घड्याळाची चिंता करू नका, व्याज भरा. दहा-बारा वर्षांचं कर्ज असेल आणि मधल्या काळात घरात कोणालाच या वजावटीचा उपयोग नसेल, तर मात्र कागद-पेन घेऊन बसा.

वडिलांच्या नावावर कर्ज आणि हप्ते मुलगी भरते, हा दुसरा नेहमीचा पेच. कलम म्हणतं की कर्ज ‘त्याने घेतलेलं’ हवं आणि व्याज ‘त्याच्या करपात्र उत्पन्नातून’ भरलेलं हवं. मुलगी सहकर्जदार असेल आणि हप्ता तिच्या खात्यातून जात असेल तर वजावट तिची. कर्जात तिचं नावच नसेल, तर ती हप्ते भरत असूनही तिला मिळत नाही, आणि वडील भरत नाहीत म्हणून त्यांनाही नाही. मंजुरीच्या वेळी सहकर्जदार म्हणून नाव घालणं अर्ध्या तासाचं काम असतं, नंतर घालायला गेलात तर बँक चकरा मारायला लावते.

२०२५-२६ या आकारणी वर्षापासून (म्हणजे २०२४-२५ च्या उत्पन्नापासून) रिटर्नमध्ये ८०ई चा नुसता आकडा टाकून चालत नाही. कर्ज देणाऱ्याचं नाव, कर्ज खाते क्रमांक, मंजुरीची तारीख, एकूण कर्ज, ३१ मार्चची शिल्लक आणि त्या वर्षात भरलेलं व्याज, एवढं सगळं भरावं लागतं. व्याजाचा दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवा. जानेवारीत कंपनीला दिलेला दाखला अंदाजी असतो, शेवटच्या तीन हप्त्यांचा आकडा त्यात गृहीत धरलेला असतो आणि तो बदलू शकतो.

पण आधी रेजीम ठरवा

८०सी आणि ८०ई दोन्ही फक्त जुन्या रेजीममध्ये आहेत, आणि २०२३-२४ पासून न सांगता लागू होते ती नवी. नुसत्या व्याजासाठी जुनीत जाणं बहुतेकांना परवडत नाही. १५ लाख पगाराचं उदाहरण घ्या, वर्ष २०२५-२६. नव्या रेजीममध्ये ७५,००० वजा जाऊन १४,२५,००० वर कर ९३,७५०, सेससह ९७,५००. जुन्या रेजीममध्ये प्रमाणित वजावट ५०,०००, व्यवसाय कर २,५००, ८०सी दीड लाख, शिवाय शैक्षणिक कर्जाचं तब्बल २ लाख व्याज धरलं तरी करपात्र १०,९७,५०० राहतात आणि कर सेससह १,४७,४२० होतो. पन्नास हजारांनी महाग. दोन्ही बरोबरीत यायला प्रमाणित वजावट आणि व्यवसाय कर सोडून आणखी ५,४१,२५० रुपयांच्या वजावटी लागतात. घरभाडे भत्ता मोठा असेल, गृहकर्जही असेल, तर ते जमतं. एकट्या ८०ई च्या जोरावर क्वचितच.

जुनी निवडायची असेल तर रिटर्न मुदतीत भरावं लागतं. उशिराच्या रिटर्नमध्ये जुनी रेजीम मिळत नाही, मग व्याजाचा दाखला कितीही खरा असो. धंदा-व्यवसायाचं उत्पन्न असलेल्यांना जुनी निवडण्यासाठी फॉर्म १०-आयईए वेगळा भरावा लागतो, आणि त्यांना दरवर्षी इकडून तिकडे उड्या मारता येत नाहीत.

१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू होतो. त्यात ८०सी चं कलम १२३, ८०ई चं कलम १२९ आणि नव्या रेजीमचं २०२ झालंय. २०२५-२६ च्या उत्पन्नाचं रिटर्न मात्र १९६१ च्याच कायद्याने भरायचं, म्हणून वर जुने क्रमांक ठेवलेत.

व्यावसायिकांचं गणित वेगळं

डॉक्टर, वकील, आर्किटेक्ट, सीए, सल्लागार, फ्रीलान्सर यांच्यासाठी कलम ३७(१) आहे, आणि ते दोन्ही रेजीममध्ये चालतं. अटी तीन: खर्च भांडवली नसावा, वैयक्तिक नसावा, आणि पूर्णपणे व केवळ व्यवसायासाठी असावा. शिक्षणाच्या बाबतीत याचा व्यवहारात अर्थ असा लावतात की हाती असलेल्या कौशल्याला धार लावणारा खर्च मिळतो, नवी पात्रता मिळवून देणारा अडकतो. दातांच्या डॉक्टरने दवाखाना चालू ठेवून इम्प्लांटचा चार शनिवार-रविवारचा कोर्स केला तर खर्च व्यवसायाचा. त्याच डॉक्टरने दवाखाना बंद करून तीन वर्षं पूर्णवेळ एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) केलं तर ती फी वैयक्तिक किंवा भांडवली म्हणून नाकारली जाण्याची शक्यता दाट. नोंदणी टिकवण्यासाठी लागणारं शिक्षण सगळ्यात भक्कम. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नूतनीकरणाला पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात. त्या परिषदांची फी व्यवसायाची नाही असं म्हणायला कोणाचीही जीभ रेटणार नाही. परिषद गोव्यात असेल आणि सोबत कुटुंब असेल तर त्यांची तिकिटं आणि खोलीचा जादा खर्च मात्र आधीच बाजूला काढा.

घरच्या माणसाला कंपनीच्या पैशाने शिकवणं हा वादाचा जुना विषय. मुंबई उच्च न्यायालयाचा सकाळ पेपर्सचा निकाल (निकालसंग्रहातला क्रमांक ११४ आयटीआर २५६, १९७८) या बाबतीत हमखास पुढे केला जातो. वृत्तपत्र चालवणाऱ्या कंपनीने संचालकांच्या घरातल्या प्रशिक्षणार्थीला पत्रकारिता शिकायला अमेरिकेला पाठवलं आणि तो खर्च धंद्याचा म्हणून मान्य झाला. पण तिथे धंदा आणि अभ्यासक्रम यांची सांगड सरळ होती. स्टीलच्या कंपनीने मालकाच्या मुलाला परदेशात एमबीएला पाठवायचं, बाकी कुठल्याही कर्मचाऱ्याला कधी पाठवलेलं नाही, करार नाही, परत येऊन काम करण्याची हमी नाही, अशा प्रकरणांत न्यायालयांनी खर्च नाकारलाय. निकालाचा क्रमांक पाठ करून उपयोग नाही, कागद तसे हवेत.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. तुम्ही ४४एडीए खाली रिटर्न भरत असाल, म्हणजे जमा रकमेच्या ५० टक्के नफा दाखवत असाल, तर कोर्सची फी वेगळी वजा होत नाही. उरलेल्या ५० टक्क्यांत ती आली असं धरलेलं असतं. समजा वर्षाची जमा ४० लाख, प्रत्यक्ष खर्च फीसकट २१.५ लाख. खरा नफा १८.५ लाख, ४४एडीए चा २० लाख. दीड लाखाचा फरक नव्या रेजीममध्ये २० टक्क्यांच्या स्लॅबमध्ये पडतो, म्हणजे सेससह ३१,२०० रुपये. ते वाचवायला वह्या ठेवाव्या लागतील, ऑडिट करावं लागेल, आयटीआर-३ हा रिटर्नचा फॉर्म भरावा लागेल. तुमचे सीए या कामाचे किती घेतात ते विचारा आणि मग ठरवा. बऱ्याचदा उत्तर ‘राहू दे’ असं येतं.

व्यवसाय सुरू होण्याआधीची फीही अडकते. आधी डिजिटल मार्केटिंगचा कोर्स केला, चार महिन्यांनी पहिलं काम मिळालं, तर कोर्सच्या वेळी व्यवसाय अस्तित्वातच नव्हता. तसंच नोकरी आणि जोडीला फ्रीलान्सिंग असेल तर कोर्सचा संबंध फ्रीलान्सिंगच्या कामाशी दाखवता आला पाहिजे. दिवसा बँकेत नोकरी, संध्याकाळी लग्नाचे फोटो, आणि वजा टाकलाय बँकिंगचा कोर्स, असं चालत नाही.

काही छोट्या गोष्टी. एका दिवसात एकाला १०,००० पेक्षा जास्त रोख दिले तर कलम ४०ए(३) खाली तो खर्च जातो, म्हणून क्लासवाला ‘कॅश दिलीत तर पाचशे कमी’ म्हणाला तरी यूपीआयच करा. लॅपटॉप एकरकमी खर्चात टाकू नका, त्यावर ४० टक्के घसारा (किमतीची वर्षावर्षाला विभागून मिळणारी वजावट) मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला तर २० टक्के. व्यावसायिकाच्या पुस्तकांनाही ४० टक्केच. जीएसटी नोंदणी असेल आणि फीवरच्या जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल, तर खर्चात फक्त मूळ फी धरा, नाहीतर एकच रक्कम दोनदा वजा होते. परदेशी प्लॅटफॉर्मवर व्यवसायासाठी कोर्स घेतला तर नोंदणी असलेल्याला रिव्हर्स चार्जने (विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने) जीएसटी भरावा लागतो, तो विसरण्याचं प्रमाण फार आहे.

फाइलमध्ये काय ठेवायचं? बिल, बँकेची नोंद, अभ्यासक्रमाचं पान (संकेतस्थळं बदलतात, पीडीएफ काढून ठेवा), प्रमाणपत्र, आणि तारीख घातलेलं तुमचंच चार ओळींचं टिपण: हा कोर्स का केला, कुठल्या अशिलाच्या किंवा कुठल्या प्रकारच्या कामाला लागला. तीन वर्षांनी प्रश्न विचारला जातो तेव्हा नेमकं हेच आठवत नाही. नियम ६एफ प्रमाणे वह्या संबंधित आकारणी वर्ष संपल्यापासून सहा वर्षं ठेवाव्या लागतात, ही फाइल त्यांच्यासोबतच राहू द्या.

चुकीचा दावा आधीच करून बसला असाल तर मुदत आहे तोवर सुधारित रिटर्न भरा. त्याला दंड नाही, फरकाचा कर आणि व्याज तेवढं. ती मुदत गेली असेल तर कलम १३९(८ए) खाली अद्ययावत रिटर्न आकारणी वर्ष संपल्यापासून ४८ महिन्यांपर्यंत भरता येतं, पण जादा कर पहिल्या वर्षी २५ टक्के, मग ५०, ६०, ७० असा चढत जातो. विभागाने आधी पकडलं तर कलम २७०ए खाली कमी दाखवलेल्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के दंड, आणि खोटी पावती जोडली असेल तर २०० टक्के.